आमच्या सोसायटीतला शुद्ध कारवान

आमच्या सोसायटीचे चेअरमन कुत्रा नुसता बघून त्याचं ब्रीड सांगतात. म्हणजे तसं ते स्वतःच म्हणतात, आणि आमच्याकडे चेअरमन जे म्हणतात ते तसंच असतं. सकाळी गंगापूर रोडला फिरायला निघाले की समोरून येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याची ते उभ्या उभ्या परीक्षा घेतात. जबडा किती लांब, कान उभे की पडके, शेपूट कुठून निघते आणि कुठे वळते, सगळं बघून होतं आणि मग सोबतच्या मंडळींना ऐकू जाईल अशा आवाजात निकाल लागतो. ‘चार आणे भेसळ आहे.’ कुत्र्याच्या मालकानं काही विचारलेलं नसतं. तरी तो बिचारा ओशाळं हसतो आणि पट्टा ओढत पुढे जातो.

नोकरीत असताना ते धरणांच्या कामावर इंजिनिअर होते. कुत्र्यांचा अभ्यास निवृत्तीनंतरचा, आणि तो सगळा मोबाइलवर झालेला. पण माणूस एकदा साहेब झाला की त्याला कुठल्याही विषयात साहेब व्हायला वेळ लागत नाही.

माणसंही ते अशीच ओळखतात. सोसायटीत नवीन कुटुंब आलं की टेम्पोतून सामान उतरेपर्यंत चेअरमन खाली हजर. आडनाव काय, मूळ गाव कोणतं, गावाकडे शेती असेलच, कुलदैवत कोणतं. इतक्या प्रेमानं विचारतात की समोरच्याला वाटावं, हा माणूस आता फ्रिजला हात लावणार. आडनावावरून उलगडा झाला नाही तर नाक, रंग, बोलणं, आमटीत गूळ घालता का, इथपर्यंत तपास जातो. शेवटची खुर्ची वर पोचेपर्यंत त्यांनी तुम्हाला तुमच्या खणात नीट लावून ठेवलेलं असतं.

आमचं आडनाव या कामाला फार गैरसोयीचं आहे, कारण ते सगळ्यांत सापडतं. मी सरकारी ऑफिसात क्लार्क, नवरा अंबडच्या कंपनीत, दोघांचं बोलणं शहरी. तिथेही काही हाती लागेना. मग ते चहाच्या निमित्तानं घर बघायला आले. आमच्या हॉलमध्ये भगवान बुद्धांची मूर्ती आहे. तिच्यासमोर हात मागे बांधून उभे राहिले आणि म्हणाले, ‘छान पीस आहे. आमच्याकडे याहून मोठा आहे, बाल्कनीत, कारंज्याजवळ.’

गंगापूर रोडला हे असं आहे. इथे बुद्ध घरोघरी आहेत. कोणाच्या मनी प्लँटशेजारी, कोणाच्या चपलांच्या कपाटावर. त्यावरून माणूस ओळखू येत नाही, फक्त त्याचा इंटिरिअर डेकोरेटर ओळखू येतो. जी तसबीर आमच्यासारख्यांच्या प्रत्येक घरात असते ती आमच्याकडेही आहे, पण मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावर, आणि चहाला आलेला माणूस तिथवर जात नाही. मी काही लपवलं नव्हतं. सरळ विचारलं असतं तर सरळ सांगितलं असतं. पण सरळ विचारणं त्यांना असभ्य वाटतं आणि आडून विचारणं म्हणजे संस्कार.

आमचा निकाल लागायचा राहिला होता, तो माझ्या वडिलांवरून लागला.

बाबा देवळ्याचे. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून झाली. गोरेपान, घारे डोळे, सरळ नाक, आणि उभं आयुष्य हलत्या गाडीत तोल सांभाळल्यामुळे पाठ या वयातही ताठ. आई गेल्यावर ते देवळ्याच्या घरात एकटेच राहत होते. एका दुपारी साखर उतरून अंगणात कोसळले. त्यांचा कुत्रा त्यांच्या उशाशी बसून सतत भुंकत राहिला म्हणून शेजारीण डोकावली. नाहीतर काय झालं असतं ते मी मनात आणत नाही. मी त्यांना न्यायला गेले तर ते म्हणाले, ‘भाऊ येत असंल तर मी येतो. नायतर मला हितंच ऱ्हाऊ दे.’

भाऊ म्हणजे कुत्रा. त्याला वेगळं नाव कधी ठेवलंच नव्हतं. आई होती तोवर त्या घरात अहिराणी चालायची. ती गेल्यावर ती भाषा बोलायला बाबांना भाऊच उरला होता. आमच्याशी ते जपून शहरी बोलायला बघत आणि मध्येच दमत. कुत्र्याशी मात्र सैल सुटत. ‘आठे ये रे भाऊ. काय व्हयनं तुले?’ असं बाल्कनीत दोघांचं चालू झालं की मी स्वयंपाकघरातून ऐकत राहायची आणि आईचा आवाज आठवून मला रडू यायचं. ते रोज सकाळ-संध्याकाळ चालत ते भाऊसाठी. डॉक्टर, मी, नवरा, आम्ही सगळे सांगून थकलो होतो, पण स्वतःच्या साखरेसाठी ते बिछान्यातून उठले नसते.

तर बाबा आले आणि पहिल्याच संध्याकाळी चेअरमननी त्यांना बागेत गाठलं. त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, चेहरा उजळला, आणि विचारलं, ‘काका, देवळ्याचे म्हणजे सप्तशृंगीच्या गडावर जात असाल?’

‘लय वर्षं जायचो,’ बाबा म्हणाले. ‘चैत्रात तर रोजच.’

चेअरमननी तिथल्या तिथे हात जोडले. चैत्रातल्या यात्रेला जादा गाड्या सुटतात आणि त्यावर कंडक्टरच्या ड्युट्या लागतात, हे सांगायला बाबांनी तोंड उघडलं होतं. पण उत्तर संपेपर्यंत थांबायची चेअरमनना सवय नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून पुरणपोळ्यांचा डबा आला. संक्रांतीला मला हळदीकुंकवाचं बोलावणं आलं, आणि त्यांच्या मिसेसनी माझी इतर बायकांशी ओळख करून दिली ती डोळे मिचकावून, ‘आपल्यातलंच घर आहे हो’ अशी. मी वाण घेतलं. तो प्लॅस्टिकचा डबा होता, झाकण न लागणारा.

पुढे उन्हाळ्यात पार्किंगमध्ये शिरलेल्या एका रस्त्यावरच्या कुत्र्यानं चेअरमनच्या नव्या गाडीचं सीट कव्हर फाडलं. काच कोणी उघडी ठेवली, यावर चर्चा झाली नाही. सर्वसाधारण सभा झाली आणि ठराव आला: सोसायटीत फक्त ब्रीडचे कुत्रे राहतील, गावठी कुत्रा पाळायला मनाई. मी उठून विचारलं, ‘हे कायद्यात बसतं का?’

‘मॅडम,’ चेअरमन म्हणाले, ‘कायदा कायद्याच्या जागी, सोसायटी सोसायटीच्या जागी.’ यावर टाळ्या पडल्या. कोणता कुत्रा ब्रीडचा आणि कोणता नाही हे ठरवणार कोण, असा प्रश्नच नव्हता. घरचा तज्ज्ञ असताना बाहेर कशाला जायचं?

मी घरी येऊन सांगितलं तेव्हा बाबा शांतपणे म्हणाले, ‘मग आम्ही दोघं जातो परत.’ आणि खरंच उठून त्यांनी पलंगाखालून बॅग ओढली. मी त्यांच्यावर ओरडले. त्या अंगणात ते पुन्हा पडले तर या खेपेला शेजारीण घरी असेलच कशावरून? त्यांनी बॅग आत सरकवली, पण त्यात घातलेले दोन शर्ट बाहेर काढले नाहीत. ते माझ्या लक्षात राहिलं.

रविवारी सकाळी क्लब हाउसमध्ये सगळ्या कुत्र्यांना बोलावलं. आमच्याकडे कमिटीची कोणतीही बैठक पोहे आणि चहाशिवाय होत नाही, त्यामुळे त्या दिवशीही पोहे होते. खुर्च्या भिंतीकडेनं लावलेल्या, मध्ये सतरंजी, समोर चेअरमन, सेक्रेटरी आणि खजिनदार हातात बशा घेऊन. आणि मग एकेका कुत्र्याला आत आणायचं. मी स्वतः लग्नाआधी अशा खोलीत अनेकदा बसलेली बाई आहे. दारातून आत पाऊल टाकलं आणि मला कळलं की या मंडळींना कोणाचीही पारख करायची एकच पद्धत येते.

‘जरा चालवून दाखवा.’ ‘वळवा.’ ‘दात बघू.’ ‘मूळचा कुठला?’ ‘आई-वडील दोघंही त्याच ब्रीडचे का?’ फक्त स्वयंपाक येतो का, एवढं विचारायचं राहिलं.

पहिला आला हस्की. तो बर्फातला प्राणी नाशिकच्या मे महिन्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. त्याच्यासाठी दिवसभर एसी चालू असतो आणि त्याची मालकीण घरात स्वेटर घालून वावरते. तो पास. मग एक लॅब्राडॉर, इतका लठ्ठ की चालवून दाखवा म्हटल्यावर तो सतरंजीवर आडवाच झाला. पास. खजिनदारांचा जर्मन शेफर्ड आला. त्याचा एक कान उभा आणि एक पडलेला, तोंडावर सरळ सरळ पंचवटीतल्या गल्लीची छाप. त्याला चेअरमननी फार वेळ पाहिलं. खजिनदारही चेअरमनकडे फार वेळ पाहत राहिले. ‘कानातली कूर्चा मऊ आहे, वयानं उभा राहील,’ असा निकाल आला. आपला तो बाब्या. त्यानंतर भाड्यानं राहणाऱ्या एका नर्सताईंची तपकिरी कुत्री आली. कान दोन्ही उभे, अंग तुकतुकीत, शिकवलेली, बस म्हटल्यावर बसणारी. ती नापास झाली. भाडेकरूच्या कुत्र्याची कूर्चा वयानं सुधारत नाही. पुढच्या आठवड्यात ताईंनी तिला पेठकडच्या ओळखीच्या मळ्यात सोडली आणि त्या परत आल्या तेव्हा त्यांचे डोळे सुजलेले होते. मला तेव्हा चेअरमनचा इतका राग आला होता की लिफ्टमध्ये ते दिसले की मी जिन्यानं जायची.

नर्सताईंनंतर आमची पाळी. भाऊ उंच पायांचा, अंगानं सडपातळ, पोट आत गेलेलं. देवळ्यात बाबांच्या जेवणावर वाढलेल्या कुत्र्याचं पोट बाहेर कुठून येणार? बाबा त्याला घेऊन ताठ चालत सतरंजीवर आले आणि उभे राहिले. चेअरमननी पोह्यांची बशी खाली ठेवली.

ते उठले. भाऊच्या भोवती फिरले. वाकून तोंडाची लांबी बोटांनी मोजली. छातीला हात लावला. मग बाबांकडे पाहिलं, त्या नाकाकडे, त्या पाठीकडे, आणि पुन्हा कुत्र्याकडे पाहिलं. त्यांच्या मनात काय जुळत होतं ते मला दिसत होतं.

‘कारवान,’ ते हलक्या आवाजात म्हणाले. ‘शुद्ध कारवान. मंडळी, नीट बघून घ्या. आपल्या मातीतला शिकारी कुत्रा आहे हा. निमुळतं डोकं, खोल छाती, आत गेलेलं पोट. सरदार घराण्यांत असायचे.’

‘साहेब, गावठी हाय तो,’ बाबा म्हणाले.

मी त्यांच्या सदऱ्याची बाही ओढली. त्यांनी ती सोडवून घेतली.

‘काका, तुम्हाला कल्पना नाही,’ चेअरमन प्रेमानं हसले.

‘आमच्या घरामागं कांद्याची चाळ हाय, तिच्यामागं जन्मला. ह्याची माय मी रोज बघायचो. काळी होती, लंगडी.’

‘तेच तर. गावात अशा जातिवंत कुत्र्यांची किंमत राहिलेली नाही.’

सेक्रेटरींनी शेपटीबद्दल शंका काढली. कारवानची शेपूट खाली असते असं त्यांनीही मोबाइलवर वाचलं होतं, आणि भाऊची तर पाठीवर गोल वळलेली. चेअरमन म्हणाले की हवामानानं असा फरक पडतो. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच राहतं, पण चेअरमननी ते नुसत्या बोलण्यानं सरळ केलं. मग त्यांना कानाच्या टोकाची खाच दिसली आणि ते थांबलेच. ‘ही बघा. जुन्या काळी शिकारी कुत्र्यांना अशी खूण करत.’

‘ती नसबंदीची खूण हाय,’ बाबा म्हणाले. ‘रस्त्यावरली कुत्री धरून नेतात, ऑपरेशन करतात, मग कानाला कात्री लावतात. परत त्यालाच धरू नये म्हणून. गाडी आली होती आमच्याकडं.’

हे बाबा स्वच्छ, मोठ्यानं बोलले. कंडक्टरचा आवाज, मागच्या सीटपर्यंत जाणारा. पण चेअरमन तोवर फोटो काढत होते. भाऊच्या गळ्यात पास झालेल्यांचा हिरवा टॅग पडला. टॅगवर भाऊ हे नाव शोभेना म्हणून एक सरदारी नाव त्यांनी स्वतःच सुचवून लिहून टाकलं. माझा जीव भांड्यात पडला. बाबा राहणार होते. मला त्या क्षणी कारवानशी, शिकारीशी, खऱ्याखोट्याशी काही देणंघेणं नव्हतं.

एवढ्यावर सगळे उठले असते तर बरं झालं असतं. पण चेअरमन रंगात आले होते. ते म्हणाले, ‘आणि हा कुत्रा यांच्याच घरी निघावा यात मला नवल वाटत नाही. काका, तुमच्या पूर्वजांकडे वतन असणार. काय होतं?’

‘होतं ना,’ बाबा म्हणाले. ‘गावात मेलेलं ढोर ओढून न्यायचं काम आमच्याकडं होतं. आजोबापर्यंत केलं. वडलांनी सोडलं. आम्ही बौद्ध.’

आवाज चढवला नाही, पाडला नाही. पुढचं गाव सांगावं तसं सांगितलं. हॉलमध्ये सगळ्यांना एकदम आपापल्या बशीतले शेंगदाणे दिसले. सेक्रेटरी ते एकेक वेचून खाऊ लागले. चेअरमन म्हणाले, ‘अच्छा, अच्छा. वा. छान.’ मग त्यांनी घड्याळ बघितलं.

त्यानंतर कोणी आमच्याशी वाईट वागलं असं मी म्हणणार नाही. शिकलेली माणसं आहेत. फक्त पुरणपोळ्यांचा डबा येईनासा झाला. मी त्यांच्या डब्यात गुळाच्या शेवया भरून परत पाठवल्या होत्या. त्यावर चेअरमनच्या मिसेसनी सांगितलं की डॉक्टरांनी आपल्याला गोड बंद केलंय, आणि त्याच दुपारी त्या शेजारणीकडे जिलबी खाताना मला दिसल्या. पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकू ‘या वेळी घरातल्या घरातच’ होतं. घरातल्या घरात म्हणून जमलेल्या बायकांच्या चपला जिन्याच्या दोन वळणांपर्यंत पोचल्या होत्या. मी त्यांच्यावरून वाट काढत वर गेले. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला. झाकण न लागणाऱ्या डब्यासाठी डोळ्यांत पाणी यावं?

भाऊचं मात्र उलटं झालं. त्याला बघायला दुसऱ्या विंगमधून लोक येत. चेअरमननी त्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, तिथून तो त्यांच्या कुत्रेवाल्या मित्रांच्या ग्रुपवर गेला, आणि पुणे, कोल्हापूर कुठून कुठून वाहवा आली. बागेत त्याला बिस्किटं मिळत. चेअरमन स्वतः वाकून त्याच्या मानेवर थोपटत, आणि सरळ होताना पट्टा कोणाच्या हातात आहे तिकडे न बघता निघून जात. बाबा हे बघत. मला म्हणत, ‘कुत्र्याचं बरं चाललंय तुझ्या सोसायटीत.’ हे खवचटपणे म्हणत की सरळ, ते मला अजून कळलेलं नाही.

दिवाळीनंतर एकदा वॉचमन वर आला. दारात घुटमळत म्हणाला, ‘साहेबांनी सांगितलंय, कुत्रा चार दिवस फार्महाउसवर पाठवा. तिकडे कुत्री आणली आहे ना, तिच्यासाठी.’

चेअरमनचं धरणाच्या बाजूला फार्महाउस आहे. तिथे त्यांनी कुठूनशी कागदपत्रांसकट एक कारवान मादी आणली होती, हे सगळ्या सोसायटीला ठाऊक होतं. आता तिच्यासाठी स्थळ हवं होतं, आणि शुद्ध रक्ताचं स्थळ आमच्या हॉलमधल्या पायपुसण्यावर झोपलेलं होतं.

मी घाबरले. नसबंदीचं आता बाहेर येणार, मग टॅग जाणार, कुत्रा जाणार आणि त्याच्यामागोमाग बॅग उचलून बाबा जाणार. मी वॉचमनला काहीतरी थाप मारणार तेवढ्यात बाबा पुढे आले.

‘सोयरीक हाय ना ही?’ ते म्हणाले. ‘मग मुलीकडल्यांनी घरी यायचं असतं. त्यांना म्हणावं, या, चहा घ्या, मग बोलू.’

वॉचमन हसू दाबत खाली गेला. मी बाबांना म्हटलं, ‘अहो, ते आले तर तुम्ही काय सांगणार आहात?’

‘मागं सांगितलं तेच.’

‘मग भाऊला घालवतील.’

‘घालवू दे. मी हाय ना त्याच्याबरोबर.’

माझ्याबरोबर कोण आहे, असं विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. चहाचं आधण ठेवलं.

चेअरमन आले. कुत्र्याच्या रक्तासाठी का होईना, त्या बैठकीनंतर पहिल्यांदा आमचा उंबरा ओलांडून आले. सोफ्याच्या अगदी कडेला टेकले. मी चहा समोर ठेवला तर म्हणाले, ‘आत्ताच घेऊन निघालो.’

‘मग बोलणं नंतर कधी करू,’ बाबा म्हणाले आणि पेपर उघडला.

भाऊनं मध्येच उठून आळस दिला, आणि ती खोल छाती, ते आत गेलेलं पोट चेअरमनच्या डोळ्यांसमोरून गेलं. त्यांनी कप उचलला. काढा प्यावा तसे डोळे किंचित मिटून प्यायले, पण प्यायले. मी उभी राहून बघत होते. मला आनंद झाला, आणि त्या आनंदाची मला आजही लाज वाटत नाही.

मग ते मादीबद्दल भरभरून बोलले. तिचा जबडा, तिचे पाय, तिच्या आईची आई. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘साहेब, ह्याची नसबंदी झालीय.’

‘कोणाची?’

बाबांनी भाऊला उभं केलं आणि त्याची शेपूट हातानं बाजूला धरली. ज्या माणसानं डोकं, छाती, दात, कान, सगळं बोटांनी मोजलं होतं, त्याची एक गोष्ट बघायची राहून गेली होती. ती त्यांनी आता चष्मा लावून, गुडघ्यांवर हात ठेवून, वाकून पाहिली. बघायला तिथे काही नव्हतं.

‘हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं,’ ते उभे राहत म्हणाले.

‘सगळ्यांसमोर सांगितलं होतं. गावठी हाय तेही सांगितलं होतं. आता पटलं असंल तर तसं बोला. बॅग माझी भरलेली हाय, सकाळच्या गाडीनं जातो आम्ही.’

चेअरमनच्या डोळ्यांसमोर काय येत असेल ते मला दिसत होतं. सोसायटीचा ग्रुप, कोल्हापूरची वाहवा, आणि शेंगदाणे वेचणारे सेक्रेटरी, जे या बातमीनं वर्षभर खूश राहिले असते.

‘छे, छे,’ ते शेवटी म्हणाले. ‘कारवानच आहे. माझी नजर चुकत नाही. अडाणी लोकांनी धरून ऑपरेशन करून टाकलं, वंश बुडवला, दुसरं काय. राहू द्या त्याला इथेच.’ पडलो तरी नाक वर. दारापाशी जाऊन ते वळले आणि या खेपेला पहिल्यांदा बाबांच्या तोंडाकडे बघून बोलले. ‘फक्त एक करा. हे ऑपरेशनचं खाली कोणाला बोलू नका.’

‘मी माझं लपवलं नाय,’ बाबा म्हणाले, ‘त्याचं कशाला लपवू?’

लिफ्टची वाट न बघता चेअरमन जिन्यानं उतरले. मी दार लावून घेतलं आणि तिथेच टेकून उभी राहिले. बाबांनी पलंगाखालून बॅग काढली. त्यांनी त्यातले दोन शर्ट काढून हँगरला लावले आणि रिकामी बॅग नवऱ्याकडे माळ्यावर टाकायला दिली.

संध्याकाळी ते भाऊला घेऊन बागेत गेले आणि बाकावरच्या मंडळींना त्यांनी सगळं सांगितलं. काळी लंगडी आई, कांद्याची चाळ, पकडायला आलेली गाडी, कानाची खाच, ऑपरेशन. मंडळी हसली. ‘काका, तुम्हाला कल्पना नाही,’ एक निवृत्त प्राध्यापक त्यांना समजावून म्हणाले, ‘तुमच्या हातात काय रत्न आहे ते.’ बाबांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. ते अजून सांगतात. नवीन कोणी राहायला आलं आणि भाऊकडे कौतुकानं बघू लागलं की बाबा स्वतःहून थांबून सांगतात की हा गावठी आहे. आजवर त्यावर एकानंही विश्वास ठेवलेला नाही.

स्वतःबद्दल त्यांनी एकदाच सांगितलं होतं, आणि ते मात्र सगळ्यांना लगेच पटलं.